‘आपण’ म्हणजे कोण? : एका सर्वनामाचे व्याकरण आणि नीती

१

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गात मध्ययुगीन मराठी वाङ्मय शिकवत असताना मी एक वाक्य सहज बोलून गेले : ‘आपण सारे लहानपणापासून ज्ञानेश्वरी कानांवर पडतच वाढलो.’ तिसऱ्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने हात वर केला आणि विचारले, ‘मॅडम, ह्या ‘आपण’मध्ये मला धरलंय का?’ तिच्या स्वरात उपरोध नव्हता. तिला खरोखरच माहिती हवी होती. तिच्या घरात ज्ञानेश्वरी नव्हती, हे तिने पुढे एका वाक्यात सांगितले आणि ती खाली बसली. मी काहीतरी सावरून घेणारे उत्तर दिले आणि तास पुढे नेला. त्या उत्तरातला एक शब्दही आज मला आठवत नाही. प्रश्न मात्र लख्ख आठवतो.

तो प्रश्न वरवर पाहता सामाजिक आहे. कोणाच्या घरात कोणता ग्रंथ होता आणि कोणाच्या घरात तो का नव्हता, ह्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि तसे लिहिणे आवश्यकही आहे. परंतु त्या प्रश्नाला एक व्याकरणिक अंग आहे, ह्याकडे माझे लक्ष बऱ्याच उशिरा गेले. हेच वाक्य मी हिंदीत किंवा इंग्रजीत उच्चारले असते, तर हा प्रश्न ह्या स्वरूपात उद्भवला नसता. हिंदीतील ‘हम’मध्ये श्रोता आहे की नाही, हे शब्दावरून ठरत नाही, श्रोत्याने स्वतःला त्यातून वगळून घ्यावे एवढी मोकळीक त्या शब्दात आहे. मराठीतील ‘आपण’ ती मोकळीक देत नाही. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ ही दोन सर्वनामे वेगळी आहेत आणि बोलणाराने ‘आपण’ निवडले की ऐकणारा त्यात धरला जातो. त्याची संमती कोणी विचारलेली नसते. माझ्या विद्यार्थिनीने केलेली पृच्छा ही एका अर्थी मराठी व्याकरणाच्या आधारे घेतलेली हरकत होती.

ह्या एका शब्दरूपाचा मराठीतला आणि मराठीच्या आसपासच्या भाषांतला संसार तपासावा, आणि त्यातून समीक्षेच्या भाषेविषयी एखादा नैतिक निष्कर्ष निघतो का ते पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

मराठीच्या परंपरागत व्याकरणात ‘आपण’ हे आत्मवाचक सर्वनाम मानले जाते. पुरुषवाचक सर्वनामांत त्याला जागा द्यावी की नाही, हा त्यापुढचा वाद. ह्या वादाचे मूळ शब्दाच्या वर्तनातच आहे. ‘रमेशला वाटते, आपण मुंबईला जावे’ हे साधे वाक्य घ्यावे. ह्यात मुंबईला जाणारा कोण? तो स्वतः रमेश असू शकेल. बोलणारा आणि ऐकणारा असे दोघेही असू शकतील. आणि ज्याच्याशी आदराने बोलणे चालले आहे ती समोरची व्यक्तीही असू शकेल. एका शब्दाच्या पोटात तिन्ही पुरुष आहेत. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या प्रथम, द्वितीय, तृतीय पुरुषांच्या कोष्टकात ज्याला कुठेही बसवता येते, त्याला वस्तुतः कोठेच घर नाही, असेही म्हणता येईल.

हे संदिग्धत्व क्रियापद बहुतेक वेळा दूर करते. ‘आपण जाणार आहोत’ म्हटले की श्रोत्यासह वक्ता. ‘आपण जाणार आहात’ म्हटले की आदरणीय श्रोता. म्हणजे शब्दाचा पुरुष शब्दात नसून त्याच्या क्रियापदात आहे. नुसते ‘आपण जाणार’ म्हटले आणि ‘आहोत’ किंवा ‘आहात’ गाळले, की अर्थ पुन्हा दुभंगतो. ‘आपल्याला काय वाटते?’ ह्या प्रश्नात तर क्रियापदाचीही मदत नाही. समोरच्याचे मत विचारले जात आहे की दोघांनी मिळून विचार करावा असे सुचवले जात आहे, हे प्रसंगानेच ठरते.

तिसरी, म्हणजे आत्मवाचक, योजना सर्वांत विलक्षण आहे. ‘ती म्हणाली, मी चुकले’ ह्या वाक्यात स्त्रीलिंगी क्रियापद आहे. तोच आशय मनोगताच्या रूपाने मांडला की ‘तिला वाटले, आपण चुकलो’ असे होते. ‘मी’बरोबर असलेले लिंग ‘आपण’बरोबर नाहीसे झाले, एकटी स्त्री असूनही क्रियापद ‘आहोत’, ‘चुकलो’, ‘गेलो’ अशा अनेकवचनी, लिंगभेदरहित रूपात आले. पुरुषाच्या बाबतीतही ‘आपण शहाणे आहोत असे त्याला वाटते’ असेच म्हणावे लागते. एकट्या माणसाला स्वतःशी बोलताना मराठी बहुवचनात नेते. मराठी कथा-कादंबरीत पात्राच्या मनात शिरण्याची जी वाट आहे, ती बहुतांशी ह्या ‘आपण’मधून जाते. निवेदक ‘तो’ म्हणत असतो. मग एखाद्या वाक्यात ‘आपण इथे कशाला आलो?’ असे येते आणि निवेदन पात्राच्या आत गेलेले असते. अवतरणचिन्ह लागत नाही, ‘मी’ लागत नाही. मराठी कथनमीमांसेने ह्या एका शब्दाकडे जेवढे लक्ष द्यायला हवे होते, तेवढे दिलेले नाही.

ह्याशिवाय बोलीतल्या दोन योजना ध्यानात घेण्यासारख्या आहेत. ‘आपण नाय घाबरत कोणाला’ ह्यात ‘आपण’ म्हणजे निखळ ‘मी’. मुंबईच्या हिंदीतला ‘अपुन’ हा त्याचा सख्खा भाऊ. उलट ‘मी आपला गप्प बसलो’, ‘ती आपली बघत राहिली’, ‘आपलं सहज विचारलं’ ह्यांत ‘आपला’ कोणाच्याही मालकीचा नाही. तो केवळ बोलण्याची धार कमी करणारा, ‘माझ्या मनात काही नाही’ असे सुचवणारा शब्द झाला आहे. फुशारकी आणि निरुपद्रवीपणा अशी दोन टोके एकाच शब्दाने गाठली आहेत.

३

हे रूप मूळचे ‘आत्मन्’. प्राकृतातल्या ‘अप्पा’, ‘अप्पाण’ ह्या रूपांतून ते आधुनिक आर्यभाषांत आले. संस्कृतात ‘आत्मन्’ हा शब्द प्राण, श्वास, देह अशा अर्थांतून ‘स्वतः’ ह्या अर्थापर्यंत पोचला होता; आणि तिथेही, कर्ता स्त्री असो वा पुरुष, एक असो वा अनेक, आत्मवाचक अर्थाने ‘आत्मानम्’ हे पुंलिंगी एकवचनच वापरले जाई. मराठीत लिंगभेद पुसणारा ‘आपण’ आणि संस्कृतात लिंगवचनांची पर्वा न करणारा ‘आत्मन्’ ह्यांच्यात हे साम्य आहे. फक्त संस्कृताने सगळ्यांना एकवचनात गोळा केले आणि मराठीने एकट्यालाही बहुवचनात बसवले.

ह्याच मुळापासून निघालेली रूपे शेजारच्या भाषांत काय करतात? हिंदीत ‘आप’ हे आदरार्थी द्वितीय पुरुषाचे सर्वनाम झाले. पण त्याचे क्रियापद ‘आप जाते हैं’ असे, म्हणजे ‘वे जाते हैं’ ह्याच साच्याचे. एवढेच नव्हे, तर समोर उपस्थित असलेल्या तिसऱ्या व्यक्तीचा परिचय करून देताना किंवा एखाद्या लेखकाचा चरित्रपरिचय लिहिताना हिंदी त्या व्यक्तीलाही ‘आप’ म्हणते. श्रोत्यासह ‘आम्ही’ ह्या अर्थाचा वेगळा शब्द प्रमाण हिंदीत नाही. मात्र मध्य प्रदेशातल्या बोलचालीत ‘अपन’ नेमका त्याच अर्थाने येतो. बंगालीत ‘आपनि’ हे आदरार्थी ‘तुम्ही’ आहे आणि तेथेही ‘आपनि जान’ आणि ‘तिनि जान’ ह्यांतले क्रियापद एकच. ‘स्वतःचा’ ह्या अर्थाचे ‘आपन’ बंगालीने वेगळे राखले आहे. गुजरातीत नेमके मराठीसारखे : श्रोता धरून ‘आपणे’, श्रोता वगळून ‘अमे’, आदरासाठी ‘आप’ निराळा, आणि ‘स्वतः’ ह्या अर्थासाठी भलताच शब्द, ‘पोते’. राजस्थानी ‘आपां’ आणि ‘म्हे’ ह्यांच्यात हाच भेद आहे. पंजाबीतही श्रोतासमावेशक ‘आपां’ ऐकू येतो. कोंकणीत ‘आपूण’ स्वतःवाचक आहे.

एकाच मुळाच्या ह्या फांद्या पाहिल्यावर आदराच्या दोन तऱ्हा स्पष्ट दिसतात. हिंदी आणि बंगाली ज्याला मान देतात त्याला व्याकरणदृष्ट्या तिसऱ्या पुरुषाच्या आसनावर नेऊन बसवतात. तो समोर असूनही क्रियापद त्याच्याविषयी बोलल्यासारखे चालते. संस्कृतातल्या ‘भवान्’चीही हीच रीत होती. मराठी ‘आपण येता’ म्हणते तेव्हा क्रियापद ‘तुम्ही’चेच ठेवते, म्हणजे आदर राखूनही माणसाला समोरच बसवते. अर्थात, ह्यावरून मराठी माणूस अधिक जवळीक साधणारा आहे असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. ह्याच मराठीत बायकांनी नवऱ्याचा उल्लेख ‘इकडून येणे झाले’ अशा, सर्वनामच टाळणाऱ्या, वाक्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केला आहे.

आणखी एका साम्याचा उल्लेख करायला हवा, कारण ते फसवे आहे. संस्कृतात ‘आपण’ ह्याच वर्णानुक्रमाचा एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ बाजार किंवा दुकान. देवघेव करणे ह्या अर्थाच्या ‘पण्’ धातूपासून तो निघाला. आत्म्याशी त्याचा सुतराम संबंध नाही. डोळ्यांना दिसणारे रूप एक, पण शब्द दोन. उलट ‘आपण’, ‘आप’, ‘आपनि’, ‘आपां’ ही रूपे वेगवेगळी, पण वंश एक. आणि वंश एक असूनही कामे निरनिराळी. तेव्हा ‘एकच शब्द’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ते एकत्व नेमके कशाचे, रूपाचे, वंशाचे की कार्याचे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. सोस्यूर यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी हे शिकवले की शब्दाचे मूल्य त्याच्या भाषेतल्या इतर शब्दांशी असलेल्या भेदातून येते. मराठी ‘आपण’चे मूल्य ‘आम्ही’च्या शेजारामुळे ठरते. हिंदी ‘आप’चे मूल्य ‘तुम’ आणि ‘तू’ यांच्या शेजारामुळे. ‘आम्ही’ नाहीसे झाले तर मराठी ‘आपण’ तोच राहणार नाही.

४

इथे एक मोह उभा राहतो, आणि तो मोठमोठ्यांना पडलेला आहे. ‘आपण’ हा शब्द ‘आत्मन्’पासून आला. तो ‘मी स्वतः’, ‘तुम्ही’ आणि ‘तुम्ही-आम्ही मिळून’ असे तिन्ही अर्थ देतो. मग मराठी भाषेच्या घडणीतच ‘मी’ आणि ‘तू’ यांचे अद्वैत साठवलेले आहे, असे का म्हणू नये? प्राचीन मराठीत ‘आपणपें’ हे नामही आहे आणि ज्ञानदेवांच्या ग्रंथांत ते ‘आत्मत्व’ ह्या तात्त्विक अर्थभाराने येते. सर्वनामापासून तत्त्वज्ञानाकडे जाणारी वाट इतकी सरळ दिसत असताना तिच्यावर पाऊल न ठेवणे कठीण आहे. मीही वर्गात एकेकाळी ही वाट मोठ्या उत्साहाने दाखवत असे.

ह्या मोहाला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही भाषांच्या तुलनेतूनच मिळतात. पहिले असे की, त्याच ‘आत्मन्’पासून हिंदीत आणि बंगालीत प्रामुख्याने अंतर राखणारा आदर निघाला, आणि दुसऱ्या काही भाषांत श्रोतासमावेशक बहुवचन. मूळच जर अर्थ ठरवत असते, तर फळे इतकी वेगळी आली नसती. दुसरे उत्तर अधिक निर्णायक आहे. द्राविड भाषांत ‘आत्मन्’चा काही संबंध नसलेले ‘तान्’ हे आत्मवाचक सर्वनाम आहे. तमिळमध्ये त्याच्या बहुवचनाचे ‘ताङ्गळ्’ हे रूप आदरार्थी ‘आपण’ ह्या अर्थाने वापरतात. कन्नडमध्ये ‘तानु’ म्हणजे स्वतः आणि ‘तावु’ म्हणजे आदरार्थी ‘आपण’. तेलुगूत ‘तानु’ आणि ‘तमरु’ यांचे नाते तसेच. म्हणजे आत्मवाचकापासून आदरार्थाकडे जाण्याची वाट ही एखाद्या तत्त्वदर्शनाची देणगी नसून माणसांच्या परस्परव्यवहाराने पाडलेली पायवाट आहे. समोरच्याला थेट ‘तू’ म्हणून बोट दाखवण्याऐवजी ‘स्वतः’ असे आडून म्हणणे, ही शिष्टाचाराची युक्ती आहे, आणि ती वेगवेगळ्या वंशांच्या भाषांनी योजली आहे.

श्रोता धरणारे आणि श्रोता वगळणारे ‘आम्ही’ हा भेदही असाच. तो तमिळमध्ये ‘नाम्’ आणि ‘नाङ्गळ्’ असा आहे, तेलुगूत ‘मनमु’ आणि ‘मेमु’ असा आहे, मुंडा भाषांतही आहे. संस्कृतात तो नव्हता. एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याची कल्पना मांडली, आणि मराठी-गुजरातीतील हा भेद अनेक अभ्यासक द्राविड संपर्काशी जोडतात. हा प्रश्न मिटला आहे असे मात्र नव्हे. मराठीच्या अगदी शेजारच्या आजच्या प्रमाण कन्नडमध्ये ‘नावु’ एकच आहे आणि दूरच्या राजस्थानीत मात्र भेद आहे. मराठीपुरते एवढे म्हणता येते की, साचा शेजारून आला असला तरी माती घरची आहे : ‘आत्मन्’च्या वंशजालाच नव्या कामाला लावले गेले. ह्या सगळ्या व्यवहारात अद्वैताचा भाग कोणता आणि शेजाराचा कोणता, हे व्युत्पत्ती सांगू शकत नाही. व्युत्पत्तीतून नीती काढणे म्हणजे आजोबांच्या चारित्र्यावरून नातवाला प्रशस्तिपत्र देणे होय.

५

मग नीतीचा प्रश्न कोठे उरतो? माझ्या मते तो उच्चाराच्या क्षणी उरतो. बेनव्हेनिस्त यांनी दाखवून दिले की ‘आम्ही’ हे ‘मी’चे अनेकवचन नव्हे, अनेक ‘मी’ एकत्र येऊन ‘आम्ही’ होत नाहीत. ‘मी’ आणि ‘मी नसलेला कोणीतरी’ यांचा तो जोड असतो. हा दुसरा कोण, ह्यावर सगळे अवलंबून असते : ‘मी आणि तुम्ही’ असा एक जोड, ‘मी आणि ते’ असा दुसरा. ह्या भेदाचा नैतिक अर्थ मला असा दिसतो. ‘आम्ही’ म्हणताना मी अनुपस्थितांच्या वतीने बोलते. तो अधिकार मला आहे की नाही, हे समोरच्याला तिथल्या तिथे तपासता येत नाही. ‘आपण’ म्हणताना मी उपस्थिताच्या वतीने त्याच्याच समोर बोलते. तो नाकारू शकतो. म्हणूनच ‘आपण’ हे विधान एकट्या वक्त्याला पूर्ण करता येत नाही; श्रोत्याने ते मान्य करेपर्यंत ते केवळ निमंत्रण असते.

प्रार्थनेत हे फार सुरेख दिसते. देवाला उद्देशून ‘आम्हाला सद्बुद्धी दे’ असेच म्हणावे लागते. ‘आपल्याला सद्बुद्धी दे’ म्हटले तर देवालाही तिची गरज आहे असे होईल. मराठी माणूस देवाशी बोलताना ही चूक कधी करीत नाही. माणसांशी बोलताना मात्र करतो.

ह्या दृष्टीने मराठीतील काही ग्रंथनामे पाहण्यासारखी आहेत. बेबी कांबळे यांच्या १९८६ साली ग्रंथरूपाने आलेल्या आत्मकथनाचे नाव ‘जिणं आमुचं’ आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या १९८९च्या पुस्तकाचे नाव ‘आम्हीही इतिहास घडवला’. दोन्ही ठिकाणी श्रोता वगळणारे सर्वनाम आहे, आणि दोन्ही ठिकाणी ते अपरिहार्य आहे. ‘जिणं आपुलं’ असे नाव असते तर जे जिणे वाचकाने जगलेले नाही त्याचा वाटा त्याला फुकट मिळाला असता. ‘आमुचं’ हा शब्द वाचकाला बाहेर ठेवतो. परंतु बाहेर ठेवतानाच त्याला एक प्रामाणिक जागा देतो, ऐकणाराची. ‘आम्हीही’मधला ‘ही’ तर आधीच्या सगळ्या इतिहासलेखनातल्या ‘आपण’ला दिलेले उत्तर आहे : तुमच्या ‘आपण’मध्ये आम्ही धरलेल्या नव्हतो, हे तो एकाक्षरी शब्द सांगतो. पहिल्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर २००८ साली निराळे नाव घेऊन आले, त्याच वर्षी दुसऱ्याचे मूळ नावाच्या वळणाने. दोन्ही नावांत प्रथमपुरुषी अनेकवचन आहे. पण इंग्रजीत ते वाचकाला आत घेते की बाहेर ठेवते, हे शब्द सांगत नाही. भाषांतरात काही हरवले, ते भाषांतरकारांच्या हातून नव्हे. त्या भाषेत ते ठेवायला खुंटीच नव्हती.

दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) मध्ये ह्याहून खोल काही घडते. तिथे सुशिक्षित दया पवार आणि त्याच माणसातला दगडू यांची समोरासमोर गाठ पडते. एक सांगतो, दुसरा ऐकतो. जे ‘आपण’ एरव्ही एकट्या माणसाला स्वतःशी बोलताना सहज मिळते, तेही इथे गृहीत धरता येत नाही. शिक्षणाने आणि जातीने एकाच देहात दोन माणसे उभी केली आहेत, आणि त्यांचे ‘आपण’ होणे हा त्या कथनाचा प्रवास आहे. आत्मवाचक ‘आपण’ आणि समावेशक ‘आपण’ हे एकच रूप का असावे, ह्याचे व्याकरणिक कारण शेजारसंपर्कात सापडेल. पण ते एकच असल्यामुळे काय दिसू शकते, हे इथे कळते.

‘आम्ही’ हा शब्द मात्र स्वभावतःच सच्चा आहे, असे समजण्याचे कारण नाही. राजाचा ‘आम्ही’ आहे, संपादकाचा ‘आम्ही’ आहे, एकोणिसाव्या शतकातील निबंधकारांचा ठसकेबाज ‘आम्ही’ आहे. जमावाचा ‘आम्ही’ तर प्रत्येक पिढीने ऐकला आहे. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ ही म्हण ‘आपला’ ह्या शब्दाची काळी बाजूही सांगते : प्रत्येक ‘आपला’ कुठेतरी एक ‘दुसऱ्याचा’ निर्माण करतो. म्हणून कोणते सर्वनाम नैतिक आणि कोणते अनैतिक अशी यादी करता येणार नाही.

भारतीय संविधानाच्या उद्देशिकेचा मराठी अनुवाद ‘आम्ही’ ह्या शब्दाने सुरू होतो. गुजराती अनुवाद ‘अमे’ने. दोन्ही भाषांकडे समावेशक शब्द असताना दोघींनीही वगळणारा निवडला. ह्याने नागरिक वगळला जातो का? मला तसे वाटत नाही. उद्देशिका वाचकाला उद्देशून बोलत नाही. ती वाचकाला स्वतःच्या तोंडाने उच्चारायची असते. वाचणारा ‘आम्ही’ म्हणतो, त्या क्षणी तो वक्ता होतो. ‘आपण’ श्रोत्याला वक्त्याच्या वाक्यात ओढते. हा ‘आम्ही’ श्रोत्याच्या हाती वाक्यच देतो. सगळ्यांना एकत्र आणण्याची ही दुसरी तऱ्हा आहे, आणि तिच्यात कोणालाही न विचारता धरलेले नाही. उद्देशिकेच्या शेवटी जे अर्पण आहे ते मराठीत ‘स्वतःप्रत’ आहे आणि हिंदीत ‘आत्मार्पित’. ज्या ‘आत्मन्’पासून हा लेख निघाला तोच शब्द हिंदीत तेथे पुन्हा भेटतो, पण आता तो एका निर्णयाचा भाग आहे, वारशाचा नव्हे.

६

आता समीक्षेकडे येते. मराठी समीक्षेत ‘आपण’ पावलोपावली येते : ‘आपण पाहिले की’, ‘आपल्या परंपरेत’, ‘आपल्याला जाणवते’, ‘आपले संस्कार’. ह्या सगळ्यांना एकाच न्यायाने तोलणे बरोबर होणार नाही. मला त्यांत दोन जाती दिसतात.

एक ‘आपण’ कृतीचे आहे. ‘आता आपण दुसरे उदाहरण पाहू’ असे लेखक म्हणतो तेव्हा तो वाचकाला सोबत यायला सांगतो. वाचक येऊ शकतो, मध्येच थांबू शकतो, उदाहरण चुकीचे आहे असे म्हणू शकतो. हे ‘आपण’ बहुधा विध्यर्थात किंवा भविष्यात येते. ते अजून घडलेले नाही, म्हणून नाकारता येते. ज्ञानव्यवहाराला हे ‘आपण’ हवेच. ते काढून टाकले तर उरतील फक्त फर्माने.

दुसरे ‘आपण’ वारशाचे आहे. ते भूतकाळात किंवा षष्ठीत येते : ‘आपण वाढलो’, ‘आपली अभिरुची’. त्यात वाचकाच्या बालपणाविषयी, घराविषयी, स्मृतीविषयी विधान केलेले असते आणि ते त्याच्या गैरहजेरीत ठरवलेले असते. ते नाकारण्यासाठी त्याला वाचन थांबवून हात वर करावा लागतो. छापील पानापुढे हात वर करता येत नाही. ‘मला हे जाणवते’ असे म्हणण्याचे धैर्य नसले की समीक्षक ‘आपल्याला हे जाणवते’ असे म्हणतो, आणि एका व्यक्तीचा, एका वर्गाचा, कित्येकदा एका पेठेचा अनुभव मराठी रसिकाचा म्हणून रूढ होतो. ‘रसिक’ ह्या संकल्पनेवर गेल्या अर्धशतकात दलित, ग्रामीण आणि स्त्रीवादी समीक्षेने जे आक्षेप घेतले, त्यांचा मोठा भाग ह्या दुसऱ्या ‘आपण’वरचा आक्षेप आहे, असे मला वाटते.

ह्यावर कोणी म्हणेल की, समाईक वारसा असा काही नसतोच का? कोणत्याही ‘आपण’वाचून संस्कृतीविषयी बोलता तरी येईल का? हा आक्षेप गंभीर आहे. प्रत्येक जण केवळ ‘मी’ म्हणू लागला तर समीक्षा आत्मनिवेदनांचा ढीग होईल. आणि प्रत्येक गट केवळ ‘आम्ही’ म्हणू लागला तर कोणी कोणाचे ऐकणार नाही. समाईक ‘आपण’ असावे, ही आकांक्षा मी सोडू इच्छीत नाही. माझे म्हणणे एवढेच की, वारशाचे ‘आपण’ हे विवेचनाच्या शेवटी मिळवायचे असते, आरंभी गृहीत धरायचे नसते. कोण कोठून आले आणि कोणाच्या कानांवर काय पडले, हे आधी ‘मी’ आणि ‘आम्ही’ ह्या शब्दांत सांगितले गेले पाहिजे. ते ऐकून घेतल्यावर जे समाईक निघेल तेवढ्यालाच ‘आपले’ म्हणता येईल. ते थोडे निघेल. पण ते निघालेले असेल, लादलेले नसेल.

आदरार्थी ‘आपण’ आणि समावेशक ‘आपण’ यांचे रूप मराठीत एक आहे, त्यामागे कोणाचा तात्त्विक हेतू नव्हता हे वर सांगितलेच. तरीही बोलणाराला त्या योगायोगाचा उपयोग करून घेता येतो. ज्याला मी माझ्या ‘आपण’मध्ये घेते आहे, त्याला आधी मी आदरार्थी ‘आपण’ म्हणू शकेन का, म्हणजे त्याला वेगळा, स्वतंत्र, नकार देण्यास समर्थ असा समजते का, एवढे स्वतःला विचारता येते. भाषेने हे शिकवलेले नाही. भाषेने फक्त प्रश्न विचारण्याची सोय ठेवली आहे.

हा लेख लिहिताना वाचकाला उद्देशून ‘आपण’ न वापरण्याचा मी प्रयत्न केला, आणि ते किती अवघड आहे हे कळले. खोडलेल्या वाक्यांची संख्या बरीच आहे. वर्गातले ते वाक्यही मी नंतर बदलले. आता तो घटक शिकवायला घेताना मी म्हणते, ‘मी लहानपणापासून ज्ञानेश्वरी ऐकत वाढले. तुमच्या घरात काय ऐकू येत असे?’ ‘वाढलो’चे ‘वाढले’ झाले. ‘आपण’ने पुसलेले माझे बाईपणही त्या क्रियापदात परत आले. पहिला तास आता उत्तरे ऐकण्यातच जातो. त्यांत भजने असतात, भीमगीते असतात, कव्वाली असते, चर्चमधली गाणी असतात, आणि काही घरांत काहीच ऐकू येत नसे असेही कोणी सांगते. ज्ञानेश्वरी दुसऱ्या तासाला सुरू होते. अभ्यासक्रम एका तासाने मागे पडतो, ह्याबद्दल विभागात अधूनमधून विचारणा होते. त्या विद्यार्थिनीला द्यायचे राहून गेलेले उत्तर मी दर वर्षी त्या एका तासात देते.